मोकोरो चालवणारा माणूस कुठे गेला?

आज सकाळी फीडवर ओळखीतल्या एका जोडप्याचा ओकावांगोचा अल्बम आला. आफ्रिकेतल्या बोट्सवानातला, नदीच्या पाण्याने पसरलेला तो डेल्टा. फोटो सुंदर आहेत, वादच नाही. टेन्टमधला बाथटब, डेकवरचा ब्रेकफास्ट, मग मोकोरोत, म्हणजे तिथल्या अरुंद लांब होडीत, बसलेले दोघं, आणि खाली लिहिलंय 'माणसाचा पायही न लागलेली जागा'. फोटो नीट बघितला तर मागे एक लांब काठी पाण्यात गेलीये, ती धरलेले दोन हात दिसतायत आणि त्या हातांच्या वर फोटो कापलाय. डोकंच फिरलं माझं.

अहो, त्या होडीला इंजिन नसतं! कोणीतरी मागे उभं राहून ती काठीने ढकलतं म्हणून तुम्ही पुढे जाता.

आम्ही गेलो होतो तेव्हा आमची मोकोरो चालवणारे काका पन्नाशीचे असतील. एका वळणावर काही न बोलता थांबले. मला नुसतं पाणी आणि कमळाची पानं दिसत होती. त्यांनी काठीने होडीच्या कडेवर टकटक केलं, थांबले, परत टकटक, आणि समोर पाणघोड्याचे कान वर आले, मग डोळे, मग तो फुरफुर आवाज. काकांनी होडी हळूच मागे घेऊन गवतात घातली आणि दुसऱ्या वाटेने नेली. माझा घसा कोरडा पडला होता. ते आपले शांत.

आणि वाट म्हणजे काय, तर दरवर्षी बदलणारी! पाऊस पडतो अंगोलात, जानेवारी-फेब्रुवारीत, ते पाणी नामिबियाचा पट्टा ओलांडून महिनोन् महिने सरकत येतं आणि डेल्टा भरतो जून ते ऑगस्टमध्ये, तिथे ऐन कोरड्या दिवसांत. समुद्राला मिळतच नाही ते, कालाहारीच्या वाळूत जिरतं नाहीतर उन्हाने उडून जातं. यंदा कुठली वाट मोकळी, कुठली पॅपिरसच्या उंच पाणगवताने बुजली, पाणघोडे कुठून ये-जा करतायत हे सगळं काकांच्या डोक्यात, आणि आपण त्यांचं डोकंच कापायचं??

कॅम्प महाग आहेत, मान्य. माणसं कमी आणि दर जास्त हे सरकारचं धोरणच आहे, त्याने जागा टिकलीये हेही मान्य. पण राखलं कोणी? डेल्टातलं मोरेमी राखीव जंगल 1963 चं, देश स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधीचं. बेसुमार शिकारीने प्राणी संपत चाललेत म्हणून तिथल्या बाटावाना जमातीच्या लोकांनी स्वतःच्या जमिनीवर केलं, आणि पुढाकार होता त्यांच्या दिवंगत प्रमुखाच्या पत्नीचा, पुलाने मोरेमींचा. त्यात आत राहणाऱ्या सान या आदिवासी लोकांना बाहेर ख्वाई गावाला जावं लागलं, ते वाईटच झालं. पण बघा ना, चांगलं असो वाईट असो, सगळीकडे माणसंच आहेत. युनेस्कोचा जागतिक वारशाचा शिक्का 2014 चा, तो फार नंतर आला.

त्या दोघांवर तसा राग नाही माझा, चांगली माणसं आहेत, आयुष्यभर साठवून गेलीयेत. फोटोत आपणच असावं असं वाटतं माणसाला. पण आपल्या गावच्या तरीवरच्या नावाड्याला कोणी असं उडवलं असतं तर आपल्याला चाललं असतं का?

काकांनी सांगितलं होतं, त्यांच्या वडिलांची मोकोरो एका अख्ख्या खोडातून कोरलेली होती. आता फायबरच्या वापरतात, झाडं वाचतात. चांगलंच आहे, पण लाकडाची पाण्यात जास्त शांत बसायची म्हणे. हे सांगताना ते कडेवरून हात फिरवत होते. सिंह पण बघितले आम्ही, पण घरी कोणी विचारलं की मी काकांचंच सांगते.

कोणी जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट बघा. डेल्टाजवळच्या माऊन गावाहून छोटं विमान असतं, त्यात मऊ बॅगच चालते, ट्रॉली नेऊ नका. एखादा गेम ड्राइव्ह (गाडीतून प्राणी बघायची फेरी) कमी करा पण मोकोरोला दोन सकाळी द्या. आणि बसायच्या आधी 'दुमेला रा' म्हणा, म्हणजे तिथल्या भाषेत नमस्कार, बाई असतील तर 'दुमेला मा', नाव विचारा, फोटो काढू का विचारा, आणि यंदा पाणी कधी पोचलं तेही विचारा. मग बघा किती बोलतात ते.