कवितेला धक्का न लावता चर्चागट कसा चालवावा

पाच-सहा कवी जमले की गट झाला. एखादा नुसताच वाचक असेल, लिहीत नसेल, तर त्याला घेऊ नका. त्याची कविता कधी आपल्यापुढे यायची नसते, त्यामुळे तो काहीही बोलू शकतो.

कविता आधी वाटू नका. कागद हातात आला की लोक वाचतात. त्यापेक्षा कवीनंच डोळे मिटून, खर्जात म्हणावी; मोडलेली ओळ आवाजानं सहज सांधता येते. दुसऱ्याला तर मुळीच वाचायला देऊ नका, तो मेला नेमका तिथेच अडखळतो. आणि प्रस्तावना हवीच. 12 ओळींना 15 मिनिटं पुरतात.

अभिप्रायाला 'छान', 'भिडली' आणि 'आतून आलीय' एवढं भांडवल बास. आतून आलेलं परत आत कोण पाठवणार? 'अहो रूपम् अहो ध्वनिः'चा हिशोब मात्र चोख ठेवा. दिलेली दाद त्याच बैठकीत वसूल झाली पाहिजे.

भुजंगप्रयातात कुणी बोटं मोजून "इथे 12 च्या जागी 13 अक्षरं झालीत" म्हणालं, तर तो तंत्राच्या आहारी गेलाय असं हळहळून म्हणा. गझलेत काफिया, म्हणजे यमक, निसटला तर ती आशयाची गरज. मुक्तछंदात निसटायला काही नसतंच, असं आमच्याकडे मानतात.

खरी भीती कमी बोलणाऱ्यांची. आमच्या गटात अशा एक बाई होत्या. माझी कविता आईच्या चष्म्यावर होती: तुटलेल्या काडीला बांधलेला दोरा, दोऱ्याला तिनंच मारलेली गाठ. शेवटी 'आई, तू गेलीस / आणि मी पोरका झालो'. बाईंनी या दोन ओळींभोवती पेन्सिलीनं बारीक कंस केला आणि विचारलं, "ह्या नसत्या तर?"

मी त्यांना 20 मिनिटं आई समजावून सांगितली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुढच्या बैठकीची तारीख बाईंना कळवायची राहून गेली. त्याच्या पुढचीही.

कविता पुढे एका अंकात आली. जागा पुरेना म्हणून संपादकांनी शेवटच्या दोन ओळी उडवल्या होत्या. मी अंक घेऊन तणतणत बैठकीला गेलो, पण तोंड उघडायच्या आतच सगळे म्हणाले, "शेवट काय आतून आलाय!"