‘खारं पाणी बुडू देत नाही’ म्हणे!

उन्हाळी सुट्ट्या लागल्या की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज फिरतो: ‘गोव्याला जूनमध्ये जा, खोल्या अर्ध्या भावात. खारं पाणी माणसाला बुडू देत नाही. वैनगंगेत पोहलेल्याला तिथं कसली भीती? लाटा नसलेली जागा आणि ओहोटीची वेळ पाहून बिनधास्त उतरा.’ खोल्या स्वस्त मिळतात, एवढंच यातलं खरं.

आधी मिठाचं गणित. अरबी समुद्राचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड. 60 किलोच्या माणसाला त्यातून जादा आधार मिळतो दीडेक किलोचा. नुसतं डोकंच चार-पाच किलोचं असतं. माणूस आपसूक तरंगतो तो मृत समुद्रात. तिथलं पाणी गोड्या पाण्याहून जवळपास चोवीस टक्के जड आहे.

‘लाटा नसलेली जागा’ हा सल्ला सगळ्यात घातक. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परतायला वाट शोधतं आणि वाळूच्या दोन दांड्यांमधल्या घळीतून समुद्राकडे धावतं. घळ खोल, म्हणून तिथं लाट फुटत नाही. दोन्हीकडं पांढरा फेस, मधे गढूळसर शांत पट्टा आणि त्यावरून कचरा आत चाललेला दिसला, की समजा तीच ओढ. तिचा वेग कधी सेकंदाला 2 मीटरवरही जातो. नदीत पोहलेली पोट्टी नेमकी इथंच फसतात, काहून की त्यांना काठ गाठायची सवय. सरळ किनाऱ्याकडं हातपाय मारतात आणि दमून बुडतात. ओढ खाली खेचत नाही, आत नेते. म्हणून उताणं तरंगा, हात वर करून ओरडा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर निघा, मग फुटणाऱ्या लाटांसोबत तिरकं परत या. सोबतच्यानं मागं उडी टाकू नये. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा, जीवरक्षकाला बोलवावं.

ओहोटीचंही उलटंच. पाणी उतरलं की परतीचा सगळा जोर घळींमध्येच एकवटतो, ओढ बऱ्याचदा वाढते. शिवाय भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते. सोमवारची वेळ गुरुवारी धरून खडकावर गेलात, तर अडीच तासांचा फरक पडतो.

राहिला जून. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून हा मेसेज आपल्याकडंच जास्त चालतो. आपल्याकडं ऊन तापत असतं तेव्हा तिकडं पावसाळा लागलेला असतो. माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रामुळंही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. पोटासाठी समुद्रात जाणारे होड्या वाळूवर ओढून बसतात, आणि आपण लेकरं घेऊन उतरायचं?

खोली घेतलीच असेल तर लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल बावटा असेल तर घोटाभर पाण्यातही लेकरू सोडू नका. परतणारी लाट पायाखालची वाळूच काढून नेते.