तळघरात डीह्युमिडिफायर: फिरत्या सल्ल्यातलं खरं किती?

पावसाळा लागला की एक सल्ला मोबाइलवर फिरू लागतो: तळघराच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा, कोपऱ्यांत वाटीभर खडे मीठ ठेवा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर डीह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प काढणारं मशीन) आणा, आठवड्यात भिंती कोरड्या. यातला पहिला उपाय तर ओल वाढवतो.

खिडक्या. जुलैत मुंबईत बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प असतं. तळघराची भिंत २५ अंशांवर असली तर हीच हवा तिथे पोचून शंभर टक्के ओली होते आणि भिंतीला घाम फुटतो. म्हणून पाऊस आहे तोवर खिडक्या बंद ठेवा. गाड्या उभ्या राहतात किंवा गॅस गीझर आहे अशा तळघरात मात्र हवा कोंडू नका, तिथे जिवाचा प्रश्न आहे.

मीठ. साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तरच हवेतलं पाणी ओढतं. बुरशी रोखायला आर्द्रता ६० च्या खाली हवी; तिथवर मीठ पोचतच नाही. कॅल्शियम क्लोराइड पोचतं, पण त्याच्या डब्या कपाटापुरत्या. मिठाचा खरा उपयोग हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं मीटर, तपासायला होतो. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्यानं भिजेल इतपतच ओलं करा आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. जितका फरक, तितकी मीटरची चूक.

'आठवड्यात भिंती कोरड्या.' हा दावा सर्वांत महागात पडतो. मशीन हवेतलं बाष्प काढतं, मातीतून झिरपणारं पाणी थांबवत नाही. उलट कोरड्या हवेत भिंतीतलं पाणी लवकर उडतं, मागे क्षार उरतात, पांढरा खार फुटतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. त्यामुळे खरेदीआधी ही तपासणी करा: भिंतीचा भाग कोरडा पुसून त्यावर ४५ × ४५ सेंमी जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस थांबा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर दोष हवेचा, तिथे मशीन कामाचं. प्लास्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतूनच येतंय. अशा वेळी आधी गच्चीच्या पाइपाचं पाणी पायापासून दीड-दोन मीटर लांब न्या, अंगणाला घरापासून बाहेर उतार द्या (पहिल्या ३ मीटरला १५ सेंमी) आणि भेगा भरून घ्या.

मशीन घ्यायचंच तर खोक्यावरचा '२० लिटर' आकडा जपून वाचा. तो बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो; ६० टक्क्यांवर निम्म्याच्या आसपास पाणी निघतं. कॉम्प्रेसर नसलेली 'मिनी' मशीनं दिवसाला जेमतेम अर्धा लिटर काढतात, तळघराला ती पुरत नाहीत. सेटिंग ५०–५५ टक्के, भिंतीपासून अंतर ३० सेंमी, दारं बंद. ३०० वॅटचं मशीन अखंड चाललं तर दिवसाला ७ युनिट जातात. खोलीही थोडी तापते, त्याला बिघाड समजू नका.

टाकी भरली की मशीन आपोआप बंद पडतं आणि पहाटेपर्यंत आर्द्रता पुन्हा वर जाते. म्हणून नळी लावून पाणी सतत उताराने मोरीत सोडा. नळीला मध्ये कुठेही वर चढ नको, आणि मोरी मशीनपेक्षा उंच असेल तर छोटा पंप लागेल. फिल्टर दर १५ दिवसांनी धुवा, नळीत शेवाळी चिकटा धरला की ती काढून साफ करा.