व्होल्टेज जरा बारीक करतो

मे महिन्यात आमच्या गिरगावातल्या खोलीत संध्याकाळीसुद्धा तेहतीस अंश असतात. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे चार व्हिडिओ उघडले की माझा डेस्कटॉप नव्वदीत जातो आणि त्याचा पंखा असा सुटतो, की शेजारच्या काकू दार लावून घेतात.

उपाय म्हणजे अंडरव्होल्टिंग. भिंतीतून २३० व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतो जेमतेम सव्वा. १९७१ सालचा इंटेल ४००४ पंधरा व्होल्टवर चालायचा. म्हणजे नव्या पिढीची व्होल्टची भूक कमी झाली, नखरे तेवढे वाढले. सगळ्या चिपा सारख्या निघत नाहीत. त्यातली सगळ्यात कच्चीही पास व्हावी म्हणून कारखान्यातून सगळ्यांनाच थोडं जास्त व्होल्टेज मिळतं. ते जास्तीचं काढून घ्यायचं. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात खर्च होते, त्यामुळे १.३ चं १.२ केलं तरी त्याच वेगाला सुमारे १५ टक्के वाचते.

हे सगळं आईला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे गॅस बारीक करायचा. विझणार नाही इतपत."

इतकी नेमकी व्याख्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत नाही. तिथे 'लोड-लाइन कॅलिब्रेशन' आहे, म्हणजे बोजा पडला की व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते, आणि त्याच्या पातळ्या आहेत. एका कंपनीच्या बोर्डवर मोठा आकडा म्हणजे कडक, दुसरीच्या बोर्डवर तोच आकडा म्हणजे ढिला. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, ऑटोवर ठेवा आणि झोपा." आणि लगेच मोठ्या कूलरचा खोका काढला.

झोपणं जमण्यासारखं नव्हतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच उघडतात त्या सेटिंगमध्ये, 'कर्व्ह ऑप्टिमायझर'चं पान उघडलं. प्रोसेसरच्या आतल्या प्रत्येक कोअरचं, म्हणजे काम करणाऱ्या गड्याचं, व्होल्टेज तिथे पायरीपायरीने कमी करता येतं. तिथली एक पायरी म्हणजे साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट. उणे तीस पायऱ्या टाकल्या आणि प्राइम९५ हा प्रोसेसरला पिळून काढणारा चाचणीचा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवला. सगळे कोअर शंभर टक्क्यांवर, सकाळपर्यंत एक चूक नाही, तापमान खाली. चहा पिताना मी घरात सगळ्यांना ग्राफ दाखवला. कुणी पाहिला नाही, ते सोडा.

त्याच दुपारी सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टाइप करत होतो. (सेक्रेटरी मी आहे, कसा झालो तो वेगळा लेख होईल.) 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम कर' एवढ्यावर स्क्रीन काळी.

यामागे शास्त्र आहे, आणि तेच जास्त लागतं. पूर्ण बोजा असतो तेव्हा प्रोसेसर आपला वेग आवरून धरतो, म्हणून कमी व्होल्टेजही पुरतं. काम हलकं असलं की एखादाच कोअर अचानक कमाल वेगाला उडी मारतो आणि नेमकं तिथे कमी पडतं. म्हणजे रात्रभर छळ सोसणारा गडी 'कायम करण्यात आले' लिहिताना बेशुद्ध. आणि याची खात्रीशीर चाचणी नाही. निवांत बसलेल्या मशीनकडे निवांत न बसता बघत राहायचं, बस.

एकदा तर मशीन उठेचना. मग कॅबिनेट उघडलं. मुलीने मोबाइलचा टॉर्च धरला आणि मी ग्राफिक्स कार्डच्या खाली, बोर्डच्या काठाला, तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन पिना शोधून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जोडल्या. सीमॉस साफ, म्हणजे बायोसची सगळी सेटिंग पुसून मूळपदावर. चालू केलं, तरी पडदा काळाच, कारण नव्या पिढीच्या रॅमचं 'ट्रेनिंग', म्हणजे प्रोसेसरशी सूर जुळवणं, आधी होतं आणि त्याला मिनिटं लागतात. त्या मिनिटांत बायको दारातून दोनदा विचारून गेली, "गेला का?" तिच्या आवाजात काळजी होती असं मी धरून चालतो.

सध्या दोन कोअर उणे दहावर, बाकीचे उणे वीसवर आहेत. प्रोसेसर पंधरा वॉट कमी खातो. हे जेवताना सांगितलं. विजेचं बिल बायको भरते. तिने ताट बाजूला सारून मोबाइलवर हिशेब केला: रोज चार तास वापर, म्हणजे एक युनिट वाचायला सोळा-सतरा दिवस; आणि १२० वॉटवर आठ तास चाचणी लावली की जवळपास तेवढंच युनिट एका रात्रीत स्वाहा.

"किती रात्री लावली होतीस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आमटी छान झालीय.