सुपरमॅन, पडद्याच्या मागून

काल रविवार. डोंबिवलीला बहिणीकडे गेले होते. जेवणं आटोपली आणि भाच्याने टीव्हीवर १९७८चा 'सुपरमॅन' लावला. मी खूश. तोंडात सुपारी टाकून त्याच्या शेजारी जाऊन बसले. पाच मिनिटांत वाटायला लागलं, ही माणसं एवढ्या घाईघाईने का बोलतायत? विचारलं तर म्हणे, "मावशी, दीडपट स्पीडवर टाकलाय. नाहीतर बघवत नाही गं." उडण्याचा सीन आला की थांबवायचा, मोबाइलवर शूट करायचा, त्याला कुठलंतरी गाणं चिकटवायचं आणि मित्रांना पाठवायचं. वर मला विचारतोय, "हे बघून तुम्ही खरंच टाळ्या वाजवायचात?"

हो. वाजवायचो. हात दुखेपर्यंत.

तिथे काही बोलले नाही. घर बहिणीचं, रिमोट भाच्याचा. पण परतताना लोकलमध्ये ठाण्यापर्यंत त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते, ते अजून संपलं नाही म्हणून इथे लिहितेय. लांब पोस्टचा कंटाळा असेल त्यांनी दीडपट वेगाने वाचावी.

१९८३चा गणपती. आम्ही लालबागला, चाळीत. गिरणी संपाला वीस महिने होत आले होते. आमचे वडील, आप्पा, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. संपाआधी होते. त्या वर्षी मंडळाने सोळा एमएमचं मशीन आणून रस्त्यात सिनेमा लावला. दोन बांबूंना पांढरं कापड. पुढच्या बाजूला कार्यकर्ते, त्यांच्या घरची मंडळी, सतरंज्या. आप्पांनी त्या वर्षी वर्गणी दिली नव्हती. मागायलाही कुणी आलं नव्हतं, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं. म्हणून ते आम्हा दोघी बहिणींना घेऊन पडद्याच्या मागे जाऊन बसले. अंधारात, ओल्या फरशीवर, खाली पेपर पसरून.

मागून सगळं उलटं दिसतं. नावं उलटी, गाड्या उलट्या बाजूने. आणि सुपरमॅनच्या छातीवरचा तो एस उलटा झाला की हुबेहूब दोनचा आकडा दिसतो. शेजारच्या आजींनी विचारलं, "ह्याच्या छातीवर दोन कशापायी?" कुणीतरी अंधारातून म्हणालं, "एक नंबर मारुती, आजी. उडणाऱ्यांत हा दुसरा." आजींना एकदम पटलं. मलाही पटलं होतं, खोटं कशाला सांगू. पुढे तीन-चार वर्षं मी तेच धरून चालले होते.

तर त्या भाच्याला हसू येतं ते उडणं. बाबा रे, ते कसं केलंय हे तरी विचार ना. तेव्हा कॉम्प्युटरवर माणूस उडवायची सोय नव्हती. ख्रिस्तोफर रीव्ह नावाचा सव्वासहा फुटी माणूस खरोखर टांगलेला असायचा. झोरान पेरिसिच नावाच्या तंत्रज्ञाने त्यासाठी एक युक्ती काढली होती. मागच्या पडद्यावर आकाश टाकणारा प्रोजेक्टर आणि समोरचा कॅमेरा, दोघांनाही झूम लेन्स, आणि दोन्ही एकाच तालात चालायच्या. कॅमेरा माणसाला मोठा करतो त्याच वेळी प्रोजेक्टर आकाश तेवढंच लहान करतो. आकाश आहे तेवढंच दिसतं आणि माणूस मात्र आपल्या अंगावर येतो. माणूस जागचा हललेला नसतो! लहानपणी हे कळलं असतं तर मी अजून जास्त टाळ्या वाजवल्या असत्या. त्या वर्षी दृश्यपरिणामांसाठी त्यांना खास ऑस्कर दिलं गेलं. पोस्टरवर ओळ होती, माणूस उडतो यावर तुमचा विश्वास बसेल. बसला की आमचा. पुढून बघणाऱ्यांचाही आणि मागून बघणाऱ्यांचाही.

पण माझं भांडण उडण्यावरून नाहीच मुळी. एक सीन आहे, तिथे कुणीही उडत नाही, आणि नेमका तिथे हा मुलगा फ्रिज उघडून थंड पाण्याची बाटली शोधत होता.

सिनेमाची नायिका लोइस लेन सुपरमॅनबरोबर रात्रीच्या आकाशात फिरून आलीय. तो गच्चीवरून जातो आणि जरा वेळाने दारात क्लार्क केंट हजर. तोच माणूस, चष्मा लावून. ती आत तयार व्हायला जाते. हा बाहेरच्या खोलीत एकटा. आणि एकदम तो चष्मा काढतो, खांदे मागे घेतो, पाठ ताठ करतो. बास, एवढंच. पण डोळ्यांदेखत माणूस वीतभर उंच होतो. आवाज खाली उतरतो. आता तो तिला खरं सांगणार. ती येते, आणि याचा धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, खांदे परत खाली, आवाज परत चिरका. तिला पत्ताही नाही. तार नाही, प्रोजेक्टर नाही, काही नाही. एका माणसाची पाठ.

आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तिथे घट्ट झाला. म्हणाले, "बघ. चष्म्यानं नाय काय होत. पाठीनं होतं."

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मंडळाचा एक कॉलेजातला पोरगा माइकवर मधून मधून मराठीत सांगत होता, तोही त्या सीनला गप्प होता, त्याला कळलंच नव्हतं वाटतं. आप्पांना कळलं. कारण आप्पा तेव्हा रोज तेच करत होते. चांगले सहा फुटी माणूस, पण कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानावरून जाताना साडेपाच फुटांचे व्हायचे. मान खाली, खांदे आत, चाल बदललेली. उधारीची वही होती ना त्याच्याकडे.

हे आत्ता टाइप करताना जरा थांबले. चहा करून आले.

आणि आता खरा राग. या सुपरमॅनला ज्यांनी जन्म दिला ती क्लीव्हलंडची दोन पोरं, जेरी सीगल आणि जो शुस्टर. एकाने लिहिला, एकाने काढला. १९३८ साली पहिली गोष्ट छापून आली तेव्हा सगळे हक्क गेले १३० डॉलरला. दोघांत मिळून! मग छापणाऱ्या कंपनीने त्याच्यावर काय काय कमावलं ते आपण बघतोच आहोत, मुलांच्या डब्यांपासून चादरींपर्यंत. सिनेमा निघणार म्हटल्यावर १९७५मध्ये सीगलने जाहीर बोंब मारली, तेव्हा कुठे प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरचं पेन्शन मिळालं आणि नाव द्यायचं कबूल झालं. तोपर्यंत शुस्टरची नजर जवळजवळ गेली होती. आणि त्याच सिनेमात सुपरमॅनचा बाप झालेल्या मार्लन ब्रँडोला ३७ लाख डॉलर, वर कमाईत वाटा. पडद्यावर वीस मिनिटंही नाही तो. श्रेयनामावलीत पहिलं नाव ब्रँडोचं, दुसरं जीन हॅकमनचं, आणि जो टांगून घेऊन उडला त्याचं सिनेमाच्या नावानंतर. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. साच्यावर कोण उभं असतं आणि बोर्डावर नाव कुणाचं असतं, आम्ही बघितलंय.

बरं, कबूल करते, सिनेमा परिपूर्ण नाही. शेवटी तो पृथ्वीभोवती उलटा गरगर फिरून काळ मागे नेतो, तो शुद्ध आचरटपणा आहे. आकाशात फिरताना लोइस मनातल्या मनात कविता म्हणते तेव्हा मलाही कानांवर उशी धरावीशी वाटते. आणि निळा पोशाख दिसायला पाऊण तास जातो हेही खरं. आजच्या सिनेमांत पाचव्या मिनिटाला शहर पडतं, मान्य, मजा येते, मीही पॉपकॉर्न खात बघते. पण त्यातल्या कुणाची पाठ तुम्हाला आठवते का? सांगा ना एकाची. रिचर्ड डोनर नावाच्या दिग्दर्शकाने निदान पाठ दिसेल एवढा वेळ कॅमेरा धरून ठेवला. आणि ती पाठ कापूस भरून केलेली नव्हती. 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडर या खलनायकाच्या काळ्या पोशाखात जो माणूस होता, त्या डेव्हिड प्राउसने रीव्हकडून महिनोन् महिने वजनं उचलून घेतली होती.

१९९५मध्ये रीव्ह घोड्यावरून पडला आणि मानेखालचं सगळं शरीर गेलं. आप्पा तेव्हा एका सोसायटीत वॉचमन होते. पेपर आणून माझ्यासमोर धरला. "हा तोच ना? पाठीवाला?" मी हो म्हटलं. त्यांनी पेपराची घडी केली आणि खिडकीत ठेवला. रद्दीत बरेच दिवस टाकू दिला नाही. यावर मला अजून काही लिहिता येणार नाही.

भाच्यावरचा राग आता उतरलाय. एकोणीस वर्षांचा आहे, त्याने कुणाची उधारी बुडवलेली नाही अजून. आणि तसा गुणी आहे, स्टेशनपर्यंत माझी पिशवी धरून आला. पुढच्या वेळी त्याला तो एक सीन तरी साध्या वेगात दाखवणार आहे. त्याआधी ही गोष्ट सांगणार आहे, जी काल सांगायची राहिली.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी भिंतीवरच्या छोट्या आरशासमोर उभं राहून खांदे मागे घेतले. आई स्टोव्हला पंप मारत होती, तिने बघितलं आणि काही बोलली नाही. धुतलेला सदरा घालून आप्पा निघाले. मी कठड्यावरून बघत होते. ताठ. पूर्ण सहा फूट. वाण्याच्या दुकानासमोरून चालले, आणि आतून हाक आली, "अरे आप्पासाहेब! किती महिन्यांनी! होतात कुठे? मी तर रोज बघतो, तुम्ही दिसतच नाही!"

वही निघाली. खिशात बसभाड्याचे जे काही होते ते आप्पांनी काढून दिले आणि पाच मिनिटांत जिना चढून परत वर आले. आई घाबरली, आता काय झालं. ते दारातच बसले आणि हसायला लागले. इतके हसले की चाळीतली दोन-तीन दारं उघडली. मग म्हणाले, "तो गडी उगाच नाय वाकून चालत!"

दुपारी पुन्हा बाहेर पडले ते साडेपाच फुटांचे होऊनच.