हार्वी मिल्क आणि ताईने पाठवलेली स्थळं

‘मिल्क’ हा चित्रपट मी पहिल्यांदा २००८ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत, थिएटरमध्ये पाहिला. चांगला वाटला, पण गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी आहे असंच वाटलं. परवा घरी पुन्हा पाहिला, तेव्हा मध्येच उठून खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हार्वी मिल्क १९७२ मध्ये न्यूयॉर्क सोडून इथे आला आणि पुढच्या वर्षी त्याने कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान टाकलं. तीन निवडणुका हरला. १९७७ मध्ये शहरात वॉर्डनिहाय निवडणूक आली, तेव्हा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याला निवडून दिलं आणि तो सुपरवायझर, म्हणजे आपल्याकडचा नगरसेवक झाला. आपण समलिंगी आहोत हे त्याने निवडणुकांत लपवलं नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत, २७ नोव्हेंबर १९७८ ला, एका माजी सहकाऱ्याने सिटी हॉलमध्ये शिरून त्याला आणि महापौर जॉर्ज मोस्कोनींना गोळ्या घालून मारलं. ही भूमिका करून शॉन पेनने ऑस्कर मिळवलं.

मी उठलो तो एका फोनच्या प्रसंगाला. लांब मिनेसोटातून एक मुलगा मिल्कला फोन करतो. आईवडील त्याला ‘बरं’ करायला इस्पितळात नेणार असतात. मिल्क सांगतो, बसमध्ये बस आणि मोठ्या शहरात निघून जा. मुलगा म्हणतो, मला चालता येत नाही. आणि कॅमेरा मागे जातो तेव्हा त्याची चाकाची खुर्ची दिसते.

मलाही असा एक फोन आला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले, त्यानंतर आठवड्याभरात. फोन भाच्याचा, ताईच्या मुलाचा. म्हणाला, “मामा, तू तिकडे असतोस म्हणून तुला सांगतोय.” हे सगळं लिहायची परवानगी त्याने दिली आहे, फक्त गाव लिहू नको म्हणाला.

त्याचं ऐकून मी काय काय बोललो ते आज सगळं आठवत नाही. पण धीर दिला, पुस्तकं सुचवली, दर महिन्याला फोन करत राहिलो. आपण त्याच्या बाजूने उभे आहोत असं मला मनापासून वाटत होतं. ताईला सांग असं मी एकदाही म्हटलं नाही, आणि मी सांगू का असंही त्याला विचारलं नाही. पुढे ताई त्याच्यासाठी स्थळं पाहू लागली. एका मुलीचे काका इथे, माझ्यापासून वीस मिनिटांवर राहतात. ताईने मला चौकशी करायला सांगितलं. मी त्यांच्याकडे गेलो, चहा घेतला, त्या मुलीचा फोटो पाहिला आणि ताईला कळवलं, “माणसं चांगली आहेत.” त्या मुलीचं पुढे काय होणार, हा विचार त्या चहाच्या वेळी माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. पत्रिका जुळली नाही म्हणून ते स्थळ मागे पडलं. मी केलेलं मात्र मागे पडत नाही.

घरच्या वादांत मी नेहमी एका बाजूला असायचो. “हे तिकडचं फॅड” असं कुणी म्हटलं की मी र. धों. कर्व्यांचं नाव काढायचो. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली म्हणून खटला झाला, कोर्टात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि तरी कर्व्यांना दंड झाला. तेव्हा हार्वी मिल्क चार वर्षांचा होता. अमेरिकेहून आपल्याकडे यायला ही गोष्ट अजून तिकडेच नीट सुरू झाली नव्हती. मुद्दा खराच आहे, पण तो मांडताना मी भाच्याचं नाव तोंडात धरून बसलेलो असायचो.

इथल्या लोकांनीही फार मोठेपणा सांगू नये. हा चित्रपट लागला त्याच महिन्यात, नोव्हेंबर २००८ मध्ये, ओबामांना भरभरून मतं देणाऱ्या याच कॅलिफोर्नियाने त्याच मतदानात समलिंगी विवाहावर बंदी आणली. कोर्टाने मे महिन्यात दिलेला हक्क लोकांनी सहा महिन्यांत काढून घेतला. आपल्याकडेही २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून दिलेलं संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतलंच की.

आणि आता ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं आहे की विवाहाचा प्रश्न संसदेचा. भारतातले माझे मित्र यावर हताश होतात. त्यांचं दुःख कळतं, पण हा प्रश्न आता खासदारांकडे, म्हणजे मतदारांकडे आला आहे, आणि तिथे मिल्कचंच काम उपयोगी पडणारं आहे. १९७८ मध्ये समलिंगी शिक्षकांना काढून टाकता यावं असा एक ठराव कॅलिफोर्नियात मतदानाला आला. सुरुवातीच्या चाचण्यांत तो सहज मंजूर होईल असं दिसत होतं. मिल्कचं सांगणं एवढंच होतं: आईवडिलांना सांगा, नातेवाइकांना सांगा, जिथे नोकरी करता तिथे सांगा, कारण ज्यांना आपण ओळखतो त्यांच्याविरुद्ध मत देणं माणसाला जड जातं. कार्यकर्ते दारोदार गेले. सुमारे ५८ टक्के लोकांनी तो ठराव फेटाळला.

पण सांगायचं कुणी आणि कधी, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. नोकरी, घर, जीव, काय पणाला लागेल ते त्यालाच माहीत असतं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समलिंगी माणसाला ‘बरं’ करायचे असले ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, तरी घरच्यांच्या हट्टापुढे एकटा मुलगा किती टिकणार? म्हणून तर सोबत लागते, आणि ती मी केली नाही. परदेशातला नातेवाईक गुपितं ठेवायला फार सोयीचा असतो, आणि मला ती सोय आवडली होती.

गेल्या दिवाळीनंतर भाच्याने स्वतःच सांगितलं. व्हिडिओ कॉलवर मी होतो. ताई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग मोबाइलकडे वळून मला म्हणाली, “तुला कधीपासून माहीत होतं?” मी वर्षं सांगितली. तिने फोन ठेवला आणि दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मुलाशी मात्र बोलत होती.

मार्चमध्ये ती वधूवर मंडळात त्याचं नाव काढायला गेली. टेबलामागच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, “ठरलं वाटतं?” ताई म्हणाली, “नाही. तो समलिंगी आहे, मुलीच्या घरच्यांना फसवायचं नाही.” मागे रांगेत आणखी दोघीतिघी होत्या. बाईंनी वहीत नावावर रेघ मारली, फाइलमधून त्याचा निळ्या शर्टातला फोटो काढून परत दिला. ताईने तो पर्समध्ये ठेवला आणि बाहेर पायरीवर बसून मला फोन लावला.