‘विसर पडल्याचं कळतंय, मग अल्झायमर नाहीच’ : त्या मेसेजचा प्रतिवाद

विसराळू ज्येष्ठांसाठी आनंदाची बातमी, अशा थाटाचा एक मेसेज गेली कित्येक वर्षं व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. गोव्यात तो भजनी मंडळांच्या, देवस्थानच्या महाजनांच्या, निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर येतो आणि दर वेळी त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. एका फ्रेंच प्राध्यापकाचं नाव पुढे करून त्यात चार गोष्टी सांगितलेल्या असतात. ज्याला आपला विसराळूपणा जाणवतो त्याला अल्झायमर नसतोच. साठीनंतर निम्म्या लोकांना विसर पडतो, तो वयाचा भाग असतो. मग एक चाचणी: ‘ओ’च्या ओळींत लपलेला ‘सी’ शोधा, नवांच्या ओळींत सहा, ‘एम’च्या ओळींत ‘एन’. आणि शेवटी, तिन्ही सापडले असतील तर मेंदूच्या डॉक्टरकडची फेरी रद्द करा, तुमचा मेंदू ठणठणीत आहे.

पाठवणाऱ्याला धीरच द्यायचा असतो, यात मला शंका नाही. पण हा धीर ज्याला सर्वांत महाग पडतो तो माणूसही त्याच ग्रुपवर असतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘कळतं, म्हणजे आजार नाही’

यातलं अर्धं खरं आहे. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही म्हणून धास्तावणाऱ्या बहुतेकांना डिमेन्शिया नसतो. (आठवण, विचार आणि रोजचे व्यवहार ढासळत जाणं म्हणजे डिमेन्शिया; अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण.) आजार वाढला की अनेक रुग्णांना आपलं काही बिघडलंय याचं भान उरत नाही, हेही खरं. पण म्हणून भान असलेला प्रत्येक जण निरोगी ठरत नाही.

ज्या बाईंमुळे वैद्यकशास्त्राला या आजाराची ओळख झाली त्या ऑगस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या. वय अवघं ५१. डॉ. अलॉइस अल्झायमर त्यांच्याशी बोलत आणि टिपणं ठेवत. स्वतःचं नाव लिहितानाही त्या मध्येच अडत. ‘मी स्वतःला हरवून बसले आहे’, असं त्या म्हणाल्याची नोंद त्या टिपणांत आहे. अल्झायमरच्या अगदी पहिल्या रुग्णालाही ते कळत होतं! अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तर १९९४ मध्ये आपल्याला अल्झायमर झाल्याचं स्वहस्ते पत्र लिहून देशाला कळवलं.

सुरुवातीला पुष्कळांना कळतं आणि ते लपवतात. पासबुक मुलाच्या हाती देतात, चवथीची माटोळी (गणपतीवरची फळापानांची आरास) बांधायला ‘यंदा तूच बघ’ म्हणतात, लग्नकार्याला जायचं टाळतात, कारण माणसं ओळखता आली नाहीत तर शोभा होईल. अशा माणसाला हा मेसेज सांगतो की तुला कळतंय ना, मग तुला काही झालेलं नाही. ज्या वेळी त्याने घरच्यांशी बोलायला हवं, नेमकी तीच वेळ निघून जाते.

‘हे वयाचंच’

देशपातळीवरच्या एका मोठ्या पाहणीवरून २०२३ मध्ये निघालेला अंदाज असा, की भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. शंभरांतल्या ब्याण्णवांहून अधिकांना नाही. तो निव्वळ वयाचा परिणाम असता तर हे गणित असं दिसलं नसतं. एखाद्याचं नाव ऐन वेळी न आठवणं आणि संध्याकाळी आपोआप आठवणं, हे वयाचं. तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारणं, चाळीस वर्षं केलेलं हुमण (माशांची आमटी) करताना पुढची पायरी न सुचणं, म्हापशाच्या बाजारातून ओळखीच्या बसस्टँडची वाट न सापडणं, शांत माणूस एकाएकी संशयी होणं, हे तपासून घेण्यासारखं.

‘वयाचंच’ म्हणून सोडून देण्यातून आणखी एक वाईट गोष्ट निघते. २००१ मध्ये गोव्यातल्याच लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डिमेन्शियाचं वर्णन ऐकल्यावर लोकांनी ते चित्र लगेच ओळखलं, पण आजार म्हणून नव्हे. कुणी म्हातारपण म्हटलं, तर कुणी मुलांनी माया केली नाही, हाल केले, म्हणून असं होतं म्हटलं.

हे वाचून मला अजून अस्वस्थ वाटतं, कारण आजही आपल्या वाड्यावाड्यांवर हेच चालतं. सासूबाई जेवतात, अर्ध्या तासात विसरतात आणि दारात येणाऱ्याला सांगतात, ‘सकाळपासून घास दिला नाही मला.’ त्या खोटं बोलत नसतात, त्यांच्यापुरतं ते खरंच असतं. पण ऐकणारा पुढच्या घरी जाऊन सुनेचा उद्धार करतो. रात्र रात्र जागणारी, दिवसातून तीनदा चादरी बदलणारी ती बाई मग शेजारीपाजारी बोलायचीच थांबते, दार लावून घेते. आजाराला आजार म्हटलं असतं तर तिच्या वाट्याला निदान हा आरोप आला नसता.

अक्षरांची चाचणी

ओळीत वेगळं अक्षर शोधणं हे नजरेचं आणि लक्ष देण्याचं काम आहे. अल्झायमरमध्ये बहुधा आधी बिघडते ती नुकत्याच घडलेल्या गोष्टींची आठवण, आणि तिचा या खेळाशी फारसा संबंध नाही. ‘सी’ पटकन शोधणारे काका सकाळी फोनवर काय ठरलं ते विसरलेले असू शकतात. उलट ज्या आजीने इंग्रजी अक्षर कधी गिरवलंच नाही, तिला ‘एन’ सापडला नाही तर त्यातून काय ठरतं? काहीच नाही.

शिक्षणाचा हा अडसर संशोधकांनाही छळत आला आहे. त्या वेळी जगातले सुमारे ६६ टक्के डिमेन्शियाग्रस्त विकसनशील देशांत आणि संशोधन मात्र तिथे १० टक्क्यांहूनही कमी, या विषमतेवरून एका आंतरराष्ट्रीय गटाने आपलं नावच ‘टेन सिक्स्टीसिक्स’ ठेवलं आणि कमी शिकलेल्यांनाही न्याय देतील अशा चाचण्या तयार केल्या. त्यांत घरच्या माणसालाही प्रश्न विचारतात: वर्षभरापूर्वी जमणारं काय आता जमत नाही?

वाड्यावरच्या एका आजोबांचं सांगते. पेटीचा सूर लागला की अख्खा अभंग, एक शब्द न चुकता. त्याच माणसाला देवळातून घरची वाट सापडेना झाली होती. ‘सगळं तोंडपाठ आहे, त्यांना कसला विसर!’ असं सगळे म्हणत. पण वर्षानुवर्षं पाठ असलेलं, त्यातही सुरातलं, बरेचदा खूप उशिरापर्यंत टिकतं. ते टिकलंय म्हणून बाकी शाबूत आहे असं होत नाही.

‘डॉक्टरकडे जाऊ नका’

मेसेजमधली सर्वांत घातक ओळ हीच. विसरामागे थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांपैकीही काही असू शकतं, आणि या सगळ्यांवर उपचार आहेत. त्यासाठी आधी तपासणी व्हायला हवी. शिवाय २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. मधुमेह, रक्तदाब, कमी ऐकू येणं, एकटेपणा, धूम्रपान अशा चौदा बाबी आवरल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतील, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडलं. मधुमेह असलेल्या गोवेकराला तपासणी रद्द करायला सांगणं हा गुन्हाच आहे, असं मी म्हणेन.

यावर हमखास येणारा प्रश्न: अल्झायमर निघाला तरी तो बरा होत नाही, मग जाऊन काय उपयोग? बरा होत नाही, हे खरं. गोळ्यांनी काहींची लक्षणं काही काळ सौम्य होतात, एवढंच. पण गोव्यातच ‘सांगात’ या संस्थेने ८१ कुटुंबं घेऊन एक चाचणी केली. त्यातल्या काही कुटुंबांकडे सहा महिने स्थानिक कार्यकर्ते जात राहिले. ते डॉक्टर नव्हते. भाषा जाणणारी, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. आजार समजावणं, चिडचिड कशी हाताळायची ते सांगणं, सरकारी योजनेची वाट दाखवणं, गरज पडली तर डॉक्टरशी गाठ घालून देणं, एवढंच त्यांचं काम. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचं आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाल्याचं दिसलं.

यातलं बरंच वाड्यावरही करता येईल. मुलं पुण्याला, दुबईला, पोर्तुगालला. घरी दोघं म्हातारी. अशा घराबद्दल पोदेर (पाववाला), दुकानदार, बसचा कंडक्टर यांच्या कानावर घातलेलं असेल, तर भरकटलेले आजोबा लवकर घरी पोचतात. मंडळातल्या कुणी आठवड्यातून दोन तास त्यांच्याजवळ बसावं, म्हणजे आजीला स्वतःचं ब्लडप्रेशर दाखवून येता येईल. मात्र त्यासाठी घरच्यांनी आजार उघड सांगायला हवा आणि ऐकणाऱ्याने सुनेची चौकशी लावू नये.

तपासणीची सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रात करता येते. पुढे बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आणि तिथलीच मानसोपचार संस्था आहे. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. जाताना आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि रुग्णासोबत रोज राहणारी व्यक्ती बरोबर असू द्या. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिलाच असतात.